दुधाच्या पगाराची गोळी

मेडिकलच्या काउंटरमागे काही वर्षं काढली की गिऱ्हाईक उभं कसं राहतं यावरून निम्मा आजार ओळखू येतो. तापाचं माणूस काउंटरवर कोपर टेकतं. दाढदुखीवाला गालाला हात लावून, न बोलता चिठ्ठी पुढे सरकवतो. आतड्याच्या सुजेचा जुना पेशंट मात्र बाजूला, वजनकाट्यापाशी उभा राहतो. मागून आलेल्यांना म्हणतो, "तुमचं होऊ द्या, मला घाई नाही." खरं तर सगळ्यांत जास्त घाई त्यालाच असते. दुकान रिकामं झालं की मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवतो आणि आवाज उतरवून विचारतो, "ते पुडीचं औषध आलंय का?"

धाराशिवात बसस्थानकापासून चालत येण्याच्या अंतरावर माझं दुकान आहे. त्यामुळे गिऱ्हाईक शहराचं कमी, खेड्यांचं जास्त. तेर, ढोकी, येडशी, बेंबळी, कसबे तडवळे. सोलापूरला किंवा लातूरला पोटाच्या डॉक्टरांना दाखवून परतीच्या गाडीला वेळ आहे म्हणून इथे उतरून औषध नेणारी ही माणसं. बीपी-शुगरच्या गर्दीत या आजाराचे लोक मोजकेच आहेत. पण बिलांच्या नोंदीत ते वेगळे उठून दिसतात, कारण त्यांचं औषध सलग चालायला हवं आणि तेच सलग चालत नाही. जूनमध्ये खंड, ऑक्टोबरात खंड, मार्चमध्ये खंड. जूनमध्ये बियाणं, खत आणि शाळेची फी. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि पडलेला भाव. मार्चमध्ये बँक आणि सोसायटी. खंड पडला की पुढे काही आठवड्यांनी तेच गिऱ्हाईक परत येतं, तेव्हा चिठ्ठीवर स्टिरॉइड चढलेलं असतं.

ताणाने हा आजार उसळतो असं डॉक्टर सांगतात, पेशंट सांगतात, पेशंटचे पाहुणेही सांगतात. मी ते खोटं म्हणत नाही. पण आमच्या भागात ताण आतड्यापर्यंत कोणत्या रस्त्याने पोचतो हे काउंटरवरून जसं दिसतं, तसं ते तपासणीच्या खोलीतून दिसत नसावं.

आधी आजाराविषयी. याचे दोन मुख्य प्रकार. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला धरतो, गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसोबत त्याचं वर्णन छापलं, म्हणून ते नाव. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उठते. पूर्ण बरा होत नाही, पण औषधाने वर्षानुवर्षं शांत राहू शकतो. आपल्याकडे कोलायटिस जास्त. रक्त, शेंबूड, मुरडा, दिवसाला दहा-बारा खेपा, आणि संडासाची भावना आली की थांबायची सोय नाही.

माणसाला हे नाव कळेपर्यंत बराच काळ जातो. रक्त पडलं की मूळव्याध, हा पहिला समज. रस्त्याकडेच्या भिंतींवर 'मूळव्याध, भगंदर, फिशर' अशा रंगवलेल्या पाट्या आहेतच. मुरडा आला की आवेची गोळी, तीही चिठ्ठीशिवाय मागतात. क्रोन्सचं प्रकरण अजून अवघड, कारण आतड्याचा टीबी दुर्बिणीतून अगदी तसाच दिसू शकतो, तुकडा तपासूनही कधीकधी उलगडा होत नाही. टीबी आपल्याकडे इतका आहे की अनेकदा आधी टीबीचं औषध चालू करून दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरतायत का ते पाहतात. डॉक्टरांचं यात चुकत नाही. टीबीच्या माणसाला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी पसरेल. पण पेशंटच्या बाजूने पाहा. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा असाच टीबीच्या औषधातून क्रोन्सच्या औषधावर आला. पहाटे मैदानावर सोळाशे मीटर पळायचं, छाती फुगवून मोजायची, आणि इकडे वजन उतरतंय, पोटात कळ येतेय. खोलीवरच्या मित्रांना त्याने टीबी सांगितलं नाही, कारण त्यांनी ताट वेगळं केलं असतं. क्रोन्स सांगितलं नाही, कारण कुणाला कळलं नसतं. "ॲसिडिटी आहे" एवढंच सगळ्यांना माहीत. शेवटी त्याने भरतीचा नाद सोडला आणि पुण्याला कंपनीत गेला. आता त्याचं औषध तिकडेच घेत असेल.

चिठ्ठीवर औषधं लिहून झाली की पेशंटला तोंडी एक सल्ला मिळतो: टेन्शन घेऊ नका. मला हा सल्ला आवडत नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो. गोळी चुकली नाही, पथ्य मोडलं नाही, तरी रक्त आलं, म्हणजे मीच टेन्शन घेतलं. माझ्याच स्वभावाचा दोष. मग घरचेही म्हणू लागतात, "तुम्ही लई विचार करता." आजार त्याचाच आणि आरोपीही तोच.

हा आरोप जुना आहे आणि तो मोठमोठ्या लोकांनी केलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांनी काही आजार मनातून उगवतात असं ठरवलं होतं. शिकागोचे फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५० साली ज्या सात आजारांची मांडणी केली, त्यांत दमा, संधिवात, रक्तदाब यांच्या जोडीला अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता. पेशंटचं आतडं सुजलंय, रक्त जातंय, आणि चर्चा त्याच्या आईशी असलेल्या नात्याची. पुढे १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनची चाचणी छापली. गोळीने रक्त थांबतं हे दिसलं आणि मनाचा मुद्दा मागे पडला. मग तो इतका मागे पडला की पोटाच्या डॉक्टरांनी पेशंटची झोप विचारणंच सोडलं. अलीकडे तो परत आलाय, जास्त शहाणा होऊन. ताण हे आजाराचं मूळ कारण नाही, पण शांत झालेला आजार उठवण्यात त्याचा हात आहे, असं आता म्हणतात.

जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून हा कोलायटिस होता. त्यांनी २००७ मध्ये पद सोडलं आणि पुन्हा २०२० मध्येही, दोन्ही वेळा या आजाराचं नाव पुढे आलं. मी हे एकदा एका शेतकरी गिऱ्हाइकाला धीर द्यावा म्हणून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्यांनी राजीनामा दिला. आमी कुनाकडं द्यायचा?"

त्या शेतकऱ्याला सगळे आप्पा म्हणतात, मीही आप्पाच म्हणतो. ढोकीच्या अलीकडचं गाव, पाच-सहा एकर, दोन म्हशी. कोलायटिस कधीपासून विचारलं तर सांगतील, "जलदूत आली का त्या साली." म्हणजे २०१६. मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जाणारी ती रेल्वे आमच्या स्टेशनावरून जायची. आमच्याकडे आजाराला तारीख नसते, संकटाचं साल असतं. वयस्क माणसं बहात्तरच्या दुष्काळापासून दम लागतो म्हणतात. उमरगा-लोहाऱ्याकडच्या काही बायका त्र्याण्णवच्या भूकंपापासून पोट बिघडलंय असं सांगतात. त्यातलं किती खरं हे कोण पाहणार? पण जलदूत ज्या उन्हाळ्यात धावली त्या उन्हाळ्यात ज्याला दिवसाला बारा वेळा संडासला जावं लागत होतं त्याचे हाल मला समजतात. टँकरचं पाणी घरात मोजून येतं. प्यायला, म्हशींना, स्वयंपाकाला, आणि मग आप्पांच्या खेपांना. सून काही बोलत नसे, पण ड्रममधलं पाणी किती उतरलंय ते संध्याकाळी झाकण उचलून बघायची. आप्पा म्हणाले, "ते झाकन वाजलं की माझ्या पोटात कळ यायची."

आप्पांचं मुख्य औषध मेसालामिन. आजार शांत असतानाही रोज घ्यायचं, तेच त्याचं काम. महिन्याचं बिल हजारांत जातं. महात्मा फुले योजनेत भरती झाल्यावरच्या खर्चाला आधार आहे, घरी बसून रोज खायच्या गोळीला नाही. म्हणून आप्पा म्हणायचे, "निम्मीच पट्टी द्या. बाकीची बाजारच्या दिवशी नेतो." पट्टी कापून देताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानात ठेवायचं, हा धंद्यातला शिरस्ता. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तो बिनतारखेचा तुकडा. आप्पांच्या घरी अशा तुकड्यांचा एक डबा आहे. एकदा तो डबाच माझ्यापुढे उघडून त्यांनी विचारलं, यातल्या जुन्या कोणत्या आणि चालतील त्या कोणत्या. ओळखणार कशावरून? पण डब्यात एवढे तुकडे उरले होते याचा अर्थ सरळ होता. एवढ्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या होत्या.

२०२४ चा ऑक्टोबर. सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. आप्पांनी भाव चढेल म्हणून पोती घरातच लावून ठेवली. पोती पडून, म्हणजे पैसा पडून. गोळी दिवसाआड झाली, मग दोन दिवसांआड. दिवाळीनंतर मुलगा आला. "ती बारकी पांढरी गोळी द्या, मागं दिली होती ती." म्हणजे प्रेडनिसोलोन, स्टिरॉइड.

इथे सगळ्या गोष्टीची गोम आहे. आजार शांत ठेवणारी गोळी महाग, आणि उसळला की दाबणारी गोळी चहा-भज्यांच्या पैशात. वर ही स्वस्त गोळी लवकर गुण दाखवते. चार-आठ दिवसांत रक्त कमी, भूक लागते, माणूस उठून रानात जातो. मग शेतकऱ्याचा हिशोब सरळ आहे: रोज महाग खाण्यापेक्षा उठल्यावर स्वस्त खाऊ. हा हिशोब चुकीचा आहे हे मला माहीत आहे. स्टिरॉइड आजाराला शांत ठेवू शकत नाही, नुसतं त्या वेळेपुरतं दाबतं, आणि पुन्हा पुन्हा घेतलं की हाडं, साखर, डोळे सगळ्यांना लागतं. पण ज्याच्या हातात पैसा वर्षातून दोनदा येतो त्याला हे पटवायचं कसं? मी नव्या चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाही. मुलगा चिडला, "एवढी वीस रुपयांची गोळी" म्हणाला आणि निघून गेला. गोळी त्याला कुठेतरी मिळाली असणार, मिळतेच.

महिन्याभराने आप्पांच्या मालकीणबाई आल्या. झोपेची गोळी मागत होत्या.

"रात्रभर जागत्यात ओ. अंगनात चकरा मारत्यात. पोराला उगं टाकून बोलत्यात. दोन वाजता उठून पोती मोजत्यात. लोक म्हनत्यात टेन्शननं डोक्यावर परिनाम झालाय."

मी विचारलं, बारकी गोळी किती आणि कधी घेतात. मोठा डोस, आणि रात्री जेवणानंतर. सकाळी रानात जायचं असतं, पोट मोकळं असलं की बरं, म्हणून रात्रीची सोय. स्टिरॉइड रात्री घेतलं तर झोप उडते, चिडचिड होते, डोकं भणभणतं. ते सकाळी न्याहारीवर घ्यायचं असतं. काही आठवडे घेतल्यावर एकदम बंदही करता येत नाही, कारण शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं थांबलेलं असतं. त्यांच्या देखतच सोलापूरच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी वेळ सकाळची केली, डोस पायरीपायरीने उतरवायला सांगितलं आणि पेशंटला घेऊन या म्हणाले. पंधरा दिवसांत मालकीणबाईंचा निरोप आला, झोपायला लागलेत.

म्हणजे गाव ज्याला टेन्शन म्हणत होतं त्यातलं बरंचसं गोळीचं होतं. आणि गोळी का, तर रक्त. रक्त का, तर चुकलेली गोळी. ती चुकली का, तर भाव. यात ताण कुठे सुरू झाला आणि औषध कुठे संपलं ते मला वेगळं करून दाखवता येणार नाही. अभ्यासकांनाही ते सोपं गेलेलं नाही. २००३ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. कोलायटिस शांत असलेल्यांपैकी जे मेसालामिन नीट घेत नव्हते त्यांचा आजार उसळण्याचा धोका नीट घेणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक निघाला. २०१० साली कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या अभ्यासात पेशंटला जाणवणारा ताण आणि त्रास उसळणं यांचा संबंध ठळक दिसला, जंतुसंसर्ग किंवा वेदनाशामकांपेक्षाही ठळक. दोन्ही वाचताना मला आप्पांचं घर आठवतं. जगाच्या अभ्यासात हे दोन वेगळे रकाने आहेत. आमच्याकडे ताण वाढतो त्याच महिन्यात गोळी चुकते.

ताणाचा थेट रस्ताही आहे, तो नाकारता येत नाही. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं. २०२३ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवरचं काम आणि पेशंटांची माहिती एकत्र मांडून दाखवलं की दीर्घकाळच्या ताणात मेंदूच्या इशाऱ्यावर कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं सतत वाढलेली राहतात, ती आतड्यातल्या चेतापेशींच्या सोबती पेशींना चिथावतात, आणि त्या पेशी दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. गंमत अशी की हे संप्रेरक आणि आप्पांची बारकी पांढरी गोळी एकाच कुळातली. थोडा काळ दिलं तर दाह विझवतं. शरीरातच महिनोन्महिने वाढलेलं राहिलं तर दाहाची चूल पेटवून देतं. उलटा रस्ताही आहे: आजारच माणसाला खचवतो. जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी २०२१ मध्ये आली, तिच्यात या पेशंटांपैकी साधारण एक तृतीयांशांना चिंतेची आणि एक चतुर्थांशांना नैराश्याची लक्षणं होती.

एका जिल्हा परिषद शिक्षिकेचं उदाहरण याहून वेगळं आहे. मॅडम गोळी कधी चुकवत नाहीत, पगार महिन्याच्या महिन्याला. त्यांच्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी चांगली आली, सूज दाखवणाऱ्या, शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनचा रिपोर्टही नॉर्मल. तरी शाळा तपासणीला कुणी येणार असलं, बदल्यांच्या याद्या लागणार असल्या की सकाळपासून त्यांच्या चार-पाच खेपा. एकदा हसत म्हणाल्या, "दादा, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणतात. मग सकाळी आठला माझं पोट कुणाचा रिपोर्ट वाचतं?"

आतड्याला सूज नसतानाही त्याच्या नसा हळव्या होऊन बसतात, वर्षानुवर्षं सुजलेलं आतडं शांत झाल्यावरही जुनी सवय सोडत नाही. अशा वेळी औषधाचा डोस वाढवून काही हाती लागत नाही, उलट नको ते स्टिरॉइड पोटात जातं. दोन्हींतला फरक तपासणीनेच ठरतो, पण काउंटरवर मी तीन प्रश्न विचारायला लागलोय. रक्त आहे का, वजन उतरतंय का, आणि रात्री झोपेतून उठून जावं लागतं का. नसांचा खेळ सहसा झोपेत बंद असतो, सूज मात्र रात्रीही गप्प बसत नाही. यातलं काही 'हो' असेल तर लगेच डॉक्टर. मॅडमचं उत्तर तिन्हींना नाही असतं. त्यांना त्रास देतो तो रस्ता. स्कूटीवरून शाळेला जाताना वाटेतली कोणती जागा वापरता येते याचा पूर्ण नकाशा त्यांच्या डोक्यात आहे: पेट्रोल पंप, एका विद्यार्थिनीचं घर, आरोग्य उपकेंद्र. पंपावरचं कुलूप लावलेलं असलं तर किल्ली कुणाकडे असते हेही माहीत. शाळेत मुलींच्या शौचालयाला उन्हाळ्यात पाणी नसतं, तेव्हा त्या घरून दोन बाटल्या नेतात. मानसोपचारात सांगतात तशी श्वासाची शिकवण त्यांनी घेतली, थोडा फायदाही झाला. समुपदेशनाने या पेशंटांची चिंता कमी होते आणि जगणं सुसह्य होतं हे अभ्यासांत दिसतं. आतड्याची सूज त्याने उतरते असा भक्कम पुरावा मात्र नाही. मॅडमचं स्वतःचं मत: "श्वासाने निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं त्या पंपाच्या किल्लीने."

लग्न हा विषय तर वेगळाच. एक आई मुलीचं औषध न्यायला येते. मुलगी सासरी, तालुक्याच्या गावात. तिकडे कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, गोळ्या पट्टीतून काढून कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरून द्या. पट्टीतून सोडवलेली गोळी ओल धरते, म्हणून मी नाही म्हटलं. मग त्यांनीच कापडी पर्स शिवली, पट्टीच्या मापाची, चेन लावलेली. त्या पर्ससोबत मुलगी काय काय लपवत असेल याचा अंदाज मला करवत नाही. सकाळी घरात सगळ्यांच्या आधी उठणं, सासूला "उपासाचं सोसलं नाही" म्हणणं, माहेरी आली की दोन दिवस नुसतं झोपणं. या मुलीला टेन्शन घेऊ नका सांगणाऱ्याने आधी तिच्या सासरी जाऊन दोन वाक्यं बोलावीत.

आमच्या जिल्ह्याच्या मनाची काळजी सरकारने केलेली नाही असं नाही. शेतकरी आत्महत्या वाढल्या तेव्हा २०१५ साली यवतमाळबरोबर आमचाच जिल्हा निवडून बळीराजा चेतना अभियान सुरू झालं. टेलिमानस या मनाच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मीही काउंटरच्या काचेला लावलाय, क्वचित कुणी फोटो काढून नेतं. पण मनाच्या चौकशीत संडासाचा प्रश्न नसतो आणि पोटाच्या चौकशीत झोपेचा. दोन खिडक्या, दोन रांगा. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' उभ्या केल्या, हा आमच्याच जिल्ह्यातला अनुभव. चिठ्ठी वाचता येणारी आणि घरात जाऊन बसता येणारी अशी बाई ड्रमच्या झाकणाचा आवाज ऐकू शकते, डॉक्टर नाही ऐकू शकत. रक्ताची आव तीन-चार आठवडे थांबत नसेल तर ती मूळव्याध समजू नका, एवढं जरी प्रत्येक आशाताईच्या तोंडी बसलं तरी कितीतरी माणसं लवकर सापडतील.

आप्पांपुरतं आम्ही एक केलं. युक्ती माझी नाही, त्यांच्या मालकीणबाईंची. गोळीचा पैसा सोयाबीनमधून काढायचाच नाही. दोन म्हशींच्या दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, त्यातून आधी गोळी. दहा दिवसांच्या पट्ट्या मी दुधाच्या पगाराच्या तारखेला बांधून ठेवतो, गाडीवरचा पोरगा येऊन घेऊन जातो. पैसे पुढे-मागे झाले तरी गोळी पुढे-मागे होत नाही. दुधाचा पैसा तोवर मालकीणबाईंच्या हातात घरखर्चाला असायचा. तो सोडायला त्या तयार झाल्या, ही यातली खरी किंमत. किराणा कशावर चालतो ते मी विचारलेलं नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे नद्यांनी गावं वेढली, माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. आमच्या बाजूलाही ऐन काढणीचं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगांना कोंब फुटले. त्या वर्षीचा हमीभाव ५३२८ होता, विकायला माल कुठे होता? मला आप्पांची धास्ती होती. ओला दुष्काळ, हप्ता थकलेला, वर नवरात्र. तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रांग रस्त्याने सुरू झालेली, घरात पाहुणे, उपासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी. ताणाने आजार उठायचा तर यापेक्षा योग्य महिना नव्हता. तरी तो उठला नाही. एका माणसावरून नियम काढू नये हे मला कळतं, पुढच्या वर्षी उलटंही घडेल.

नवरात्र उठल्यावर आप्पा स्वतः आले. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. पंचनाम्याच्या कागदांची पिशवी काखेत. मी विचारलं, रक्त? नाही. वजन? काट्यावर उभे राहिले, अर्धा किलो इकडे-तिकडे.

"रात्री उठावं लागतं का?"

"उठतो की. तीन वाजल्यापासून जागाच असतो," ते म्हणाले. मी फोनकडे हात नेला तसा त्यांनी तो अडवला. "थांबा, थांबा. संडासला न्हाई उठत. ते जागनं सोयाबीनचं हाय, पोटाचं न्हाई."